दगडाबाईचं सूप

बसा दादा, त्या टायरवर बसा. वहिनी, तुम्ही इकडं स्टुलावर या, पत्र्याच्या सावलीत. ट्यूबला दोन भोकं दिसायलीत, त्यातलं एक वॉलपाशी, हवा भरायच्या नळीपाशी, ते लई खोडील असतंय. पाऊण तास कुठं गेला नाय. चहा सांगितलाय. तवर एक गोष्ट सांगतो तुम्हाला, लांबची नाय, ह्या भिंतीपलीकडली. इतबार बसला नाय तर नका ठेवू, माझं काय म्हणणं नाय. पण मधीच उठू नका. अर्धी ऐकून गेलेलं माणूस बेजार होतंय. पुरी ऐका, मग तुमचं तुम्ही ठरवा.

ह्या भिंतीपलीकडं दगडाबाई राहती. साठीला टेकली, पण पाठ ताठ, आवाज असा की रुळावरून रेल्वे जात असली तरी तिचं बोलणं ऐकू येतंय. नवरा रामकिसन. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथवर काढली त्यानं. केसाचीबी जाडी मोजून सांगणारा माणूस. मोजता येत नाय ते नाय, असा त्याचा हिशोब. पोरगा विश्वजीत पुण्याला, त्याचा संसार तिकडंच. हे दोघं इथं, दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्याच्या पुढं लिंबाचं झाड.

पाच-सहा सालामागं विहारात एक पोरगी आलती, तनुजा नावाची. एका संस्थेत काम करती. वंदना झाल्यावर उभी राहिली अन् म्हणली, "संकटातल्या लेकरांना थोड्या दिवसांसाठी घर पाहिजे. कुणाची आई दवाखान्यात असते, कुणाचा बाप जेलात, कुणी पळून स्टेशनवर आलेलं असतं. बालकल्याण समितीचा निकाल लागेपर्यंत कुणीतरी सांभाळायचं. पगार नाही, फक्त काम आहे." सगळे एकमेकाकडं बघायले. दगडाबाईनं हात वर केला. रामकिसन तिचा पदर ओढीत होता खालून.

"आगं, विचार तर कर."

"विचार करायला काय, लेकरू काय म्हैस हाय का?"

झालं. फॉर्म भरले, पोलिसांनी चौकशी केली, तीन दिवस ट्रेनिंग झालं. ट्रेनिंगात सांगितलं, एका घरी दोनाच्या वर लेकरं ठेवायची नायत, अन् लेकराला "माझं" म्हणायचं नाय, निकाल लागला की परत द्यायचं असतंय. दगडाबाईनं मान हलवली. मग घरी येऊन तिच्या आईचं सूप काढलं.

आता हे सूप म्हणजे काय, ते सांगितल्याबिगर पुढं जाता येत नाय. दगडाबाईचं माहेर करमाडच्या पुढं. तिच्या आधीची चार लेकरं जगली नायत. पाचवी ही झाली, तर आईनं काय केलं, सुपात घातली अन् उकिरड्यावर नेऊन ठेवली. शेजारणीनं उचलली. आईनं विचारलं, कुणाचं लेकरू? शेजारीण म्हणली, उकिरड्याचं. आईनं मूठभर ज्वारी शेजारणीच्या पदरात घातली अन् आपलीच लेक इकत घेतली. नाव ठेवलं दगडा. का, तर जे न्यायला येतंय त्याला वाटावं, हे तर कुणाचंच नाय, नावबी दगड, ह्याला नेऊन काय करायचं. म्हणून ही वाचली. असं ती मानती.

तर जे लेकरू घरी येईल त्याचं ती हेच करायची. सूप बांबूचं, मेथी अन् कागदाच्या लगद्यानं लिंपलेलं, कडा काळ्या पडलेल्या. ते उंबऱ्यात ठेवायचं. लेकरानं नुसती पावलं टेकवायची, भार द्यायचा नाय. तनुजाला विचारायचं, कुणाचं लेकरू? तनुजानं हसत हसत म्हणायचं, उकिरड्याचं. मूठभर ज्वारी तनुजाच्या ओढणीत. मग लेकराला नाव. केरू, धोंडी, गोट्या. लेकरं खिदळायची. घाबरून आलेलं लेकरू पयल्यांदा हसायचं ते तिथं.

"दगडाबाई, हे आमच्या नियमात बसत नाही हं," तनुजा म्हणायची.

"नियम तुमच्या वहीत असू द्या, ताई. सूप माझ्या उंबऱ्यात हाय."

रामकिसनला मात्र हे लागायचं. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपण. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो अन् खाली तू सूप मांडून बसतीस. काय म्हणतील?"

"ह्यात देव कुठं हाय? सूप हाय, ज्वारी हाय. दोन्ही खरंच हायेत. मोज."

लेकरं आली अन् गेली. एक पोरगं नांदेडच्या गाडीत सापडलेलं, उशाला बूट घेऊन झोपायचं. एक सोळा वर्षांची पोरगी, लग्नाच्या मंडपातून सोडवून आणलेली, आठ दिवस तोंड उघडलं नाय. नवव्या दिवशी म्हणली, "आजी, भाकरी जाड झाली." दगडाबाई इतकी हसली की मी दुकान टाकून बघायला गेलो. आता ती पोरगी नर्सिंग करती. दगडाबाईला एकाच गोष्टीचा गर्व. सांगायची सगळ्याला, "माझ्या सुपात पाय टेकवलेलं एकबी लेकरू वाया गेलं नाय." अन् खरंच नव्हतं गेलं. हे ध्यानात ठेवा, तिला पैसा नको, नाव नको. तिला एवढंच पाहिजे की लेकरू वाया जाऊ नये.

गेल्या साली वैशाखात, मंगळवारी, तनुजाचा सकाळीच फोन आलता. आज एखादं लेकरू आणावं लागेल, नक्की नाय. दगडाबाईनं सूप काढून ठेवलं. बाराचं टळटळीत ऊन. लाइट गेलेली. रामकिसन आत ओलं फडकं तोंडावर घेऊन झोपलेला. रस्त्यावर कुत्रंसुदिक नाय.

एक बाई आली. तिशीची असंल. हाताला धरून पाच-सहा वर्षांची पोरगी. पोरीचा हिरवा फ्रॉक, खालची शिवण उसवलेली, तिथं सेफ्टी पिन. बाईच्या लुगड्याच्या काठाला कांद्याची टरफलं चिकटलेली. दगडाबाईला वाटलं, संस्थेतली नवी बाई असंल. बाई सारखी मागं वळून रस्त्याकडं बघायची, जणू कामावरून दहा मिन्टाची सुट्टी काढून आलीय अन् मुकादम ओरडंल.

"तनुजाताई कुठंय?" दगडाबाईनं विचारलं.

बाईनं पोरीला पुढं केलं. पोरीनं सुपात पावलं टेकवली.

दगडाबाईनं सवयीनं विचारलं, "कुणाचं लेकरू?"

"प्रयागचं," बाई म्हणली.

"तसं नाय, बाई. उकिरड्याचं, म्हणायचं."

"प्रयागचं."

आवाज शांत होता, पण हट्टाचा होता. दगडाबाई म्हणली, बरं, राहू द्या. मूठभर ज्वारी तिच्या पदरात घातली. बाईनं पदराची गाठ मारली. दोन गाठी मारल्या. दगडाबाई पाणी आणायला आत वळली. माठ उंबऱ्यापासून चार पावलांवर. तांब्या भरून भाईर आली, तर ओट्यावर कुणी नाय. बाई नाय, पोरगी नाय. सुपात कांद्याचं एक टरफल.

तिनं तनुजाला फोन लावला. तनुजा म्हणली, "आज नाही जमलं, दगडाबाई. मी कुणालाच पाठवलं नाही."

रामकिसन उठला. टरफल बघितलं, ओटा बघितला. "ऊन लागलं तुला," म्हणला. "लिंबू-साखर घे अन् पड जरा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तनुजा आली. हाताला पोरगी. हिरवा फ्रॉक, सेफ्टी पिन. म्हणली, ही अमृता. बाप आधीच वारलेला. आई काल सांजच्या साडेपाचला करमाडजवळ रस्ता ओलांडताना गेली, ट्रकनं उडवलं. मामा येतो म्हणतोय, पण तो दारुडा, समिती बघून घेईल. तवर...

तनुजाचं बोलणं चालू होतं अन् अमृता आत गेली. घर नवं असलेलं लेकरू कसं बिचकत जातंय, तसं नाय. सरळ गेली, दाराच्या मागं हात घातला, सूप काढलं. दाराच्या मागं सूप असतंय हे भाईरून दिसत नाय, दादा. उंबऱ्यात आणून ठेवलं अन् दगडाबाईकडं बघून म्हणली,

"परत टेकवायचे का पाय?"

दगडाबाईनं सूप उचलून घेतलं. मग म्हणली, "नको, माय. झालंय ते."

तनुजाला काय कळंना. तिच्या हातात एक पिशवी होती, दवाखान्यानं दिलेली, आईच्या वस्तूंची. ती दगडाबाईकडं दिली अन् सहज म्हणली, "कांद्याच्या चाळीवर कामाला होती. पण पदराच्या गाठीत ज्वारी निघाली. दोन गाठी मारलेल्या. ज्वारी कुठून आली काय माहीत." फाईलीत आधार कार्डाचं झेरॉक्स होतं. दगडाबाईनं फोटो बघितला. नाव विचारायची गरज पडली नाय.

रामकिसन मोजणारा माणूस. तिसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून करमाडला गेला. त्या चाळीवर गेला. मुकादमाला विचारलं, मंगळवारी दुपारी बारा वाजता प्रयाग कुठं होती? मुकादम म्हणला, इथंच, हजेरी हाय. सोबतच्या बायांना विचारलं. त्या म्हणल्या, आमच्यासोबतच भाकर खाल्ली तिनं, ठेचा आमचा होता. पाच मिन्टंबी उठली नाय. माघारी येऊन रामकिसन माझ्या दुकानापुढं बसला, ह्याच टायरवर. म्हणला,

"मेलेलं माणूस आलं तर त्याला भूत म्हणता येतंय. म्हणणारे म्हणतात. पण ती त्या वखताला जिती होती. जित्या माणसाला काय म्हणायचं?"

मी त्याला चहा दिला. मी पंक्चरवाला.

अमृता राहिली. मामा आला नाय, समितीनं मुदत वाढवून दिली. पोरगी रुळली. दगडाबाईच्या मागं मागं फिरायची, माझ्या दुकानात येऊन पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे बघायची. त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाय. आम्हीबी विषय काढला नाय. वाटलं, एकदा झालं, झालं.

भादव्यात परत झालं.

पाऊस थांबलेला, चिखल, दुपारच. ह्या बारीला रामकिसन जागा होता, ओट्यावर पेपर वाचीत होता, त्यानंबी बघितलं. बाई पंचविशीची, कडेवर दीड वर्षाचं पोरगं, अंगठा तोंडात. बाईच्या मनगटात बांगड्यांचा ढीग, विकायच्या असाव्यात तशा, दोऱ्यात ओवलेल्या. ओट्यापुढं येऊन उभी राहिली. नुसतं पोरगं जरा पुढं केलं.

दगडाबाईच्या डोक्यात एकच आलं. प्रयागचं लेकरू मी घेतलं, म्हणून प्रयाग गेली. माझ्या हातानं सौदा झाला. मी घेतलंच नाय तर? लेकरू आईपाशी राहील. आईला राहावंच लागंल.

तिनं सूप उचललं अन् भिंतीला पालथं टेकवलं.

"मी नाय घेत," म्हणली. "जा बाई. तुझं तू सांभाळ. जा घरी."

बाई तशीच उभी. एक वाजला. दोन वाजले. अमृता दारातून बघत होती. म्हणली, "घे ना आजी. ती उभी राहून दमली."

"तू आत जा."

"तिला लवकर जायचंय."

दगडाबाईनं दार लावून घेतलं. आयुष्यात पयल्यांदा तिनं लेकरासमोर दार लावलं, दादा.

रामकिसन ओट्यावरच होता. त्यानं हळूच विचारलं, "बाई, गाव कोणतं तुझं? नाव काय?"

"पाचोड," ती म्हणली. "दीपमाला." अन् वळून चालायला लागली. कोपऱ्यापर्यंत दिसली. कोपऱ्यावर गिरणी हाय, तिथला माणूस म्हणतो, इकडून कुणी आलंच नाय.

रामकिसननं गाडी काढली. त्या दिवशी पाचोडचा बाजार. तासा-सव्वातासात तो तिथं. बांगड्यावाल्यांची ओळ विचारत गेला, अन् ती बसलेली. तीच. गोणपाटावर बांगड्या मांडलेल्या, मांडीवर पोरगं. शेजारी मिरच्यावाली म्हातारी. त्यानं म्हातारीला विचारलं, ही कधीपासून हाय इथं? म्हातारी म्हणली, "सकाळी आठला जागा धरली आम्ही दोघींनी. हालली नाय. का? तुम्ही पोलीस का?"

दीपमालानं त्याच्याकडं बघितलं. म्हणली, "मामा, तुम्हाला कुठंतरी बघितलंय मी." अन् त्या पोरानं तोंडातला अंगठा काढला अन् रामकिसनकडं दोन्ही हात पसरले. ओळखीच्या माणसाकडं पसरतात तसे.

आता तुम्ही सांगा, काय करायचं? रामकिसननं जे सुचलं ते केलं. उद्या कुठं जाणार का, विचारलं. ती म्हणली, सकाळच्या एसटीनं पैठणला, माहेरी. पोराला आजीकडं दाखवायचंय. रामकिसननं हात जोडले. एकतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, भर बाजारात हात जोडून म्हणला, "पोरी, मला बापासारखा समज. उद्या एसटीत बसू नको. रस्त्यावर जाऊ नको. घरात राहा. एक दिवस राहा."

तिला नवल वाटलं. पण म्हातारं माणूस एवढं कळवळून बोलतंय म्हणून म्हणली, "बरं मामा. नाय जात." तो निघताना तिनं पैसे न घेता, "अमृताला घाला" म्हणून चार बांगड्या दिल्या. त्यानं नाव सांगितलं नव्हतं अमृताचं. तिनं माप बरोबर दिलं.

रामकिसन घरी आला तो हलका होऊन आला. दोघं त्या दिवशी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पाचोडला एक भिंत पडली. मातीची, पावसानं भिजलेली. घरात मायलेक दोघंच होते.

पैठणची एसटी सुखरूप पोचली.

तनुजाचा फोन आला नाय. येणार कसा? ठेवायला लेकरूच उरलं नव्हतं. रामकिसननं पेपरात वाचलं अन् घडी घालून पेपर खिशात ठेवला. तो म्हणतो, माझ्या बोलण्यानं गेली. दगडाबाई म्हणती, आई जाणारच होती, ती पोराला ठेवायला आलती माझ्याकडं. मी दार लावलं. पोरगं मी घालवलं. दोघंबी हे एकमेकाला बोलत नायत. मला येऊन येगळं येगळं बोलतात. अमृताच्या हातातल्या बांगड्या कुणी काढल्या नायत.

त्या दिवसापासून सूप पालथं झालं नाय. उंबऱ्यातच असतंय, उताणं. शेजारी ज्वारीचा डबा.

त्यानंतर सहा बाया आल्या, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. एक बाप आला, लुंगीवर, तान्ह्या पोरीला टॉवेलात गुंडाळून. दगडाबाईनं एकालाबी परत धाडलं नाय. विचारायची, कुणाचं लेकरू? ते नाव सांगायचे. उकिरड्याचं म्हणा, असं ती आता कुणाला म्हणत नाय. ज्वारी द्यायची. अन् मग घरात बसून रडायची, कारण ते माणूस तेव्हा कुठंतरी जितं असायचं, भाकर खात असायचं, अन् हिला माहीत असायचं. दुसऱ्या दिवशी तनुजा लेकरू घेऊन यायची. सुरुवातीला हसणारी तनुजा आता हसत नाय. आली की एवढंच विचारती, "काल कोण आलं होतं?"

अन् ती सगळी लेकरं जगली, दादा. ताप आला, पडली, झडली, पण जगली. टॉवेलातली पोरगी तर एवढी अशक्त होती की डॉक्टरनं हात टेकले होते. आता रांगती. पण दोनाच्या वर ठेवता येत नायत, म्हणून बाकीची गल्लीत वाटली. किराणावाल्या सांडूकडं एक हाय. पारूबाईकडं एक. ती टॉवेलातली माझ्या घरी हाय. माझी बायको पन्नाशीत परत अंगाईगीत म्हणायली.

आता आजचं सांगतो.

आज साडेदहाला मी दुकान उघडून बसलो होतो. दगडाबाई आली. पायात चप्पल नाय. ऊन असं की डांबर चिकटायलं, अन् हिच्या पायाला कळत नव्हतं.

"भाऊजी, तुमच्या घरात सूप हाय का?"

"एक हाय."

"द्या. अन् अजून कुणाकुणाकडं हाय?"

मी म्हणलो, "दगडावहिनी, किती पाहिजेत?"

तिनं लिंबाकडं हात केला.

अकरा बाया, दादा. झाडाखाली, ओट्यावर, पायरीवर. लेकरं चौदा. काही कडेवर, काही मांडीवर, काही हात धरून उभी. चौदा लेकरं अन् एकाचाबी आवाज नाय. रडणं नाय, खोकणं नाय, पाणी दे म्हणणं नाय.

अकरातल्या नऊ जणींच्या गळ्यात निळी दोरी. दोरीला कंपनीचं कार्ड. सगळ्यांचं सारखंच.

तीनच्या पाळीची कंपनीची गाडी इथूनच चौकातून निघती. दोन वाजता.

मी रामकिसनला म्हणलो, जा, कंपनीत जाऊन सांग. गाडीची चावी त्याच्या हातातच होती. पायरीवर बसला होता, दोन बायांच्या मधी. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"काय सांगू?" म्हणला. "गाडीत बसू नका म्हणू, का बसा म्हणू?"

ह्याचं उत्तर तुम्हाला येतंय का?

मग त्यानं चावी खिशात घातली अन् उठला. गल्लीत घरोघर गेला. बावीस प्रतिज्ञावाला रामकिसन दारोदार विचारीत होता, "ताई, सूप हाय का घरात? सूप द्या."

तनुजाला फोन केला. तिनं काय झालं, कसं झालं, विचारलंच नाय. म्हणली, "फॉर्म किती आणू?"

सांडूनं एका बाईसमोर सूप धरलं. पारूबाईनं धरलं. माझ्या बायकोनं धरलं. गिरणीवाल्यानं धरलं, दोन भावंडं होती, दोघांची पावलं एकाच सुपात. शाळेतल्या बाई सुट्टीत घरी आल्या होत्या, त्यांनी धरलं. अजून दोन घरांनी धरलं. नाव ऐकलं, ज्वारी दिली, की ती बाई उठायची. लेकराच्या तोंडावरून एकदा हात फिरवायची अन् त्याला घेऊन जायची. मागं वळून बघत नाय कुणी.

आता गल्ली संपली. घरं संपली. जे घाबरले त्यांनी दारं लावली, त्यांना मी बोल लावत नाय.

चार राहिल्यात.

मागं वळून बघा, दादा. हळू. घाबरू नका, त्या काय करत नायत. तुम्ही गाडी ढकलत आलात ते त्यांच्याच मधून आलात. वहिनींनी एकीला "जरा सरकता का" म्हणलं, ती सरकली. तुम्हाला वाटलं, बाया सावलीला बसल्यात.

पंक्चर निघालं. हवा भरली. पैसे राहू द्या.

हे सूप घ्या. ज्वारी ह्या डब्यात हाय. फॉर्म-बिर्म तनुजा आल्यावर बघू, पोलीस चौकशी होईल, ट्रेनिंग होईल, सगळं रीतसर होईल. ते मागाहून. आत्ता दीड वाजलाय.

वहिनी, ती लाल रिबिनीची पोरगी मघापासून तुमच्याकडंच बघायली. तिची आई उठायच्या तयारीत हाय. घड्याळ बघायली.

जा. सूप आडवं धरा, हालू देऊ नका. अन् तिला तेवढं विचारा, कुणाचं लेकरू.